चहाचा रिपोर्ट

माणसं कशी कशी हसतात हे बाईंना कळायचं आणि त्याच्यावरच त्यांचं पोट चालायचं. अकरा वर्षं शाळेत इतिहास शिकवून त्या कंटाळून बाहेर पडल्या होत्या. हातातलं लाल पेन मात्र सुटलं नाही, म्हणून कार्यक्रमाच्या कचेरीत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. कार्यक्रम टीव्हीवर दर शुक्रवारी संध्याकाळी लागायचा. त्यात एक माणूस टेबलामागे बसून मंत्र्यांची, अधिकाऱ्यांची आणि तोंडी लावायला विरोधकांचीही सालटी काढायचा. तो स्वतः कधी हसत नसे, त्यामुळे घरोघर त्याचं नाव गंभीरराव पडलं होतं. गंभीररावांच्या तोंडून जे निघायचं त्यातलं निम्म्याहून जास्त बाईंच्या वहीतून आलेलं असायचं. शेवटी झरझर वर सरकणाऱ्या नावांत बाईंचं नाव असे, पण ती नावं कोण वाचतो? बाईंना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. थोडं वाटे.

दर बुधवारी दुपारी कच्ची तालीम व्हायची. बँकेतून, बसथांब्यावरून, पोस्टाच्या रांगेतून गोळा केलेली चाळीस माणसं खुर्च्यांवर बसवायची आणि गंभीररावांनी त्यांच्यापुढे शुक्रवारचा मजकूर कागदात बघून वाचायचा. बाई मागच्या कोपऱ्यात स्टुलावर बसत. त्या गंभीररावांकडे बघतच नसत, माणसांच्या पाठींकडे बघत. नुसता आवाज आला तर वहीत एक रेघ. खांदे हलले तर दोन रेघा. आणि हसता हसता कुणी शेजाऱ्याकडे वळून पाहिलं तर एक वर्तुळ. आवाज काय, माणूस भिडेपोटीही काढतो. पण मनापासून हसू आलं की ते एकट्याला पुरत नाही, शेजारचाही हसतोय ना हे बघायला मान वळतेच. ज्या विनोदाला एकही वर्तुळ नाही तो गुरुवारी सकाळी कचऱ्यात. सात वर्षांत या नियमाला अपवाद झाला नव्हता.

बाई आईजवळ राहत. धाकटा भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि सरकारी रुग्णालयाच्या तळघरात रक्त तपासायचा. आईला साखरेचा आजार जुना, अकरा-बारा वर्षांचा. दर तीन महिन्यांनी पहिल्या रविवारी धाकटा सकाळी सकाळी यायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईचा हात उताणा ठेवायचा आणि रक्त काढायचा. आई तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायची. कॅलेंडरवर तिच्या आवडत्या नटाचा फोटो होता. सगळा देश त्याला नुसता हिरो म्हणायचा. आई 'आपला हिरो' म्हणायची, जणू तो समोरच्या घरात लहानाचा मोठा झाला होता.

त्या रविवारी धाकट्यानं आईच्या रक्ताची नळी नेहमीसारखी खिशात घातली आणि बाईंना डोळ्यांनीच गॅलरीत बोलावलं.

"आईचं रक्त मी आमच्याकडे तपासत नाही," तो हळू म्हणाला. "माझ्या वर्गमित्राची खासगी लॅब आहे, तिकडे नेतो. नवी यंत्रं आली तेव्हापासून."

"का रे?"

"ती यंत्रं खोटं बोलतात, ताई."

मग त्यानं सांगितलं. आरोग्यमंत्र्यांनी फीत कापून नव्वद यंत्रं नव्वद रुग्णालयांत बसवली होती. यंत्र बिघडलं असतं तर बरं झालं असतं, कारण बिघडलेलं यंत्र बंद तरी पडतं. हे बंद पडत नव्हतं. साखर थोडी वाढलेली असली तर ते बरोबर सांगायचं. पण फार वाढलेली असली, आकडा त्याच्या आवाक्याबाहेर गेला, की ते गप्प बसायच्या ऐवजी मधलाच एक आकडा छापून मोकळं व्हायचं. म्हणजे थोडा आजारी माणूस आजारी ठरायचा आणि खूप आजारी माणूस नॉर्मल ठरायचा. दोन महिन्यांमागे एक बाई शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आली होती, तिचाही रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर भलतीकडेच आजार शोधत बसले आणि ती गेली.

"तुमच्या साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, पुरावा काय? म्हणून मग मी," आणि इथे धाकट्याच्या ओठांचा कोपरा जरासा हलला, "मी यंत्रात चहा घातला."

"काय घातलास?"

"चहा. सकाळचा उरलेला, थंड, बिनदुधाचा. नळीत भरला, वर पेशंट म्हणून नाव लिहिलं, वय चाळीस, स्त्री. आणि लावला. चहातली साखर यंत्राच्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडे." त्यानं पाकिटातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. "हा बघ रिपोर्ट."

चिठ्ठीवर चहाची साखर नॉर्मल होती. मूत्रपिंड नॉर्मल होतं. यकृताचं काम उत्तम चाललं होतं. खाली छापलं होतं की रुग्णानं सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

बाईंना हसू फुटलं. खूप दिवसांत असं पोटातून हसू आलं नव्हतं. हसता हसता त्यांनी भावाकडे वळून पाहिलं, तर तोही हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आतून आईनं विचारलं, "काय गं, कशाला एवढे खिदळताय?"

"काही नाही गं," दोघंही एकदम म्हणाली, लहानपणी म्हणायची तशीच.

मग धाकटा गंभीर झाला. "तुमच्या कार्यक्रमात घे हे, ताई. तुमचं लोक बघतात. आकडे सांग, यंत्र सांग, मंत्र्याचं नाव घे, मधला आकडा कसा छापतं तेही सांग. फक्त चहा सांगू नकोस. हे साहेबांना आणि मलाच ठाऊक आहे. चिठ्ठी बघून त्यांनी एवढंच सांगितलं की यंत्र धुऊन ठेव आणि हा कागद जाळ. चहाचं नाव निघालं की ते बोट सरळ माझ्याकडे करतील."

"नाही सांगणार."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची शपथ," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

तीन दिवस बाईंनी जीव ओतून लिहिलं. बुधवारी गंभीररावांनी ते चाळीस जणांपुढे वाचलं आणि बाईंची वही कोरी राहिली. लोक ऐकत होते, नाही असं नाही. कपाळाला आठ्या घालून, मान हलवून, शोकसभेला बसल्यासारखे ऐकत होते. एका आजोबांनी तर रुमाल काढला. नव्वद यंत्रं, आवाक्याबाहेरचा आकडा, मधला आकडा. सगळं खरं होतं आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"बाई, ही माहिती झाली," तालीम संपल्यावर गंभीरराव म्हणाले. ते पाणी पीत होते आणि दमलेले दिसत होते. "माहिती बातम्यांत देतात. तिथे कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा. पण आपल्याकडे लोक रडायला येत नाहीत. हे काढा. त्याऐवजी मंत्र्यांच्या विगवरचं घेऊ."

"विग कुणाचा जीव घेत नाही."

"पण हसवतो."

बाईंनी एक दिवस मागून घेतला. गंभीररावांनी गुरुवारी सकाळी पुन्हा तालीम लावायचं कबूल केलं, वीस माणसांची. घरी येऊन बाईंनी यंत्रात पाणी घालून पाहिलं. म्हणजे कागदावर. पाणी रुचेना, त्याला रंगच नाही. शाई घातली, ती शाळकरी वाटली. संत्र्याचा रस घातला, त्यावर स्वतःशीच वाचताना अर्धवट हसू आलं आणि विरलं. लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: खऱ्या तपशिलाची जागा खोटा तपशील घेऊ शकत नाही. सकाळचा उरलेला, थंड, बिनदुधाचा चहा, वय चाळीस, स्त्री. हे डोक्यातून सुचत नाही, कुणीतरी तळघरात एकट्यानं उभं राहून ते केलेलं असावं लागतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी धाकट्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. कामाच्या वेळी लॅबमधल्यांचे फोन कपाटात कुलूपबंद असतात, हे बाईंना माहीत होतं. म्हणूनच कदाचित त्यांनी ती वेळ निवडली. दोनदा वाजला, त्यांनी ठेवून दिला आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं. त्या वाटण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. पण त्या वेळी त्यांनी मनाशी हिशेब केला की चहा कुठल्या कचेरीत नसतो? नव्वद रुग्णालयांत नव्वद लॅब, त्यांत चहा पिणारी पाचशे माणसं. कोण कुणाला शोधणार? आणि विषयच गाळला तर यंत्रं तशीच राहणार, मग ती शपथ तरी काय कामाची?

त्यांनी चहा घातला. गंभीररावांनी तो वाचला. 'रुग्णानं सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी' इथे वीस माणसांतल्या पंधरा माना वळल्या. सात वर्षांत एका विनोदाला पंधरा वर्तुळं पडली नव्हती. वाचता वाचता स्वतः गंभीररावांच्या गालाला खळी पडून गेली, आणि तांत्रिक विभागातली माणसं काचेमागे उठून उभी राहिली.

शुक्रवारी कार्यक्रम लागला. आईनं आणि शेजारच्या काकूंनी तो एकत्र बघितला आणि दोघी कंबर धरून हसल्या. सोमवारपर्यंत तो तुकडा प्रत्येकाच्या फोनवर पोचला होता. दुकानात, कचेरीत, रिक्षात माणसं एकमेकांना विचारू लागली, 'काय, चहा नॉर्मल आहे ना?' एका कपबशीवाल्यानं कपांवर तसं छापूनही टाकलं. गंभीररावांनी बाईंसाठी केक आणला आणि भरल्या कचेरीत म्हणाले की याला म्हणतात लेखणी. बाईंना आनंद झाला. अभिमान म्हणतात तसा तो होता, आणि तो त्यांनी पुरते चार दिवस उपभोगला. मधूनच आतून काहीतरी टोचायचं, तेव्हा त्या फोनवर आलेले आकडे बघत.

पाचव्या दिवशी आरोग्यमंत्री एका सभेत बोलायला उभे राहिले. पाण्याच्या पेल्याऐवजी त्यांनी टेबलावरचा चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, "नॉर्मल." सभा खदाखदा हसली. जे लोक आदल्या शुक्रवारी त्यांना हसत होते तेच आता त्यांच्याबरोबर हसले. माणूस दिलदार आहे हो, असं बाईंनी स्वतः बसथांब्यावर ऐकलं.

"आपला विनोद मंत्र्यानं उचलला," गंभीरराव म्हणाले. त्यांना ते खरंच कौतुकाचं वाटत होतं.

"आणि यंत्रं?"

"यंत्रांचं काय?"

"ती तिथेच आहेत. पुढच्या शुक्रवारी पुन्हा घेऊया."

"बाई," गंभीरराव समजुतीनं म्हणाले, "एकदा हसून झालं की झालं. तोच विनोद दुसऱ्यांदा चालत नाही, तुम्हीच मला शिकवलंत. लोक आपल्याकडे मन हलकं करायला येतात. ते हलकं झालं, ते घरी गेले."

त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "ताई, चहा का घातलास गं?" आणि उत्तराची वाट बघत थांबला. मग त्यानंच फोन ठेवला.

चौकशी समिती नेमली गेली. यंत्रांची नाही, धाकट्याची. आणि समितीचं काम चालू असतानाच हिरो रुग्णालयात आला.

त्याला कुणी पाठवलं, कुणी बोलावलं, हे कधी उघड झालं नाही. वाईट माणूस तो नव्हता. लहानपणी त्याचे वडील याच रुग्णालयात मरणाच्या दारातून परत आले होते, आणि या जागेची टिंगल होतेय हे त्याच्या मनाला लागलं असावं. साधा पांढरा सदरा घालून तो तळघरात उतरला, रांगेतल्या बाकावर दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसला, पाळी आल्यावर बाही वर केली आणि कॅमेऱ्यापुढे रक्त दिलं. मग रिपोर्ट हातात धरून तीन वाक्यं बोलला. "माझे वडील इथे बरे झाले. मी माझं रक्त इथे दिलं. तुम्हीही द्या." बस्स. ना आकडा, ना पुरावा, ना विनोद. रिपोर्ट नॉर्मल होता. हिरो खरोखरच ठणठणीत होता, त्यामुळे यंत्र त्याच्या बाबतीत खरंच बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून तळघराच्या पायऱ्यांवर रांग लागली. गंभीररावांचे बावीस मिनिटांचे विनोद, बाईंची तीन दिवसांची मेहनत, एका माणसानं नोकरी धोक्यात घालून आणलेली माहिती. ते सगळं त्या तीन वाक्यांनी पुसून टाकलं. बाईंना हिरोचा रागही धड येईना. तिन्ही वाक्यं शब्दन् शब्द खरी होती.

बाईंनी रागारागानं हिरोवर चार पानं लिहिली. बुधवारी गंभीररावांनी ती वाचायला घेतली आणि पहिल्याच वाक्याला चाळीस जणांनी हाताची घडी घातली. दुसऱ्या वाक्याला एक मध्यमवयीन बाई उठून म्हणाली, "त्यांना कशाला मधे ओढताय?" आणि पर्स उचलून निघून गेली. तिच्यामागून आणखी तिघं गेली. मंत्र्याला हसायला लोक तयार होते, कारण मंत्र्यावर त्यांचा कधी विश्वासच नव्हता. हिरो घरचा होता. वहीत एकही रेघ पडली नाही, आणि गुरुवारी चार पानं नियमाप्रमाणे कचऱ्यात गेली.

दोन-अडीच महिन्यांनी समितीचं काम आटोपलं. धाकट्याची बदली झाली, दुसऱ्या गावाला, आठ तासांच्या रस्त्यावर, रुग्णालयांच्या चादरी आणि उशा ठेवायच्या गोदामात. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. बायको आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

"नोकरी तरी राहिली," बाई म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

"राहिली. त्यांना हवं ते लिहून दिलं म्हणून राहिली." त्यानं पट्टी दातांनी तोडली. "मी थट्टेखातर यंत्रात चहा घातला, यंत्र निर्दोष आहे, माझ्या वागण्यानं खात्याची बदनामी झाली. खाली सही."

"आणि ती चिठ्ठी? ती का नाही दाखवलीस?"

धाकट्यानं हातातलं काम थांबवलं. "दाखवली ना. पहिल्याच दिवशी दाखवली. तिघंही हसले, ताई. एक जण तर म्हणाला, मला तुमच्या बहिणीचा कार्यक्रम फार आवडतो." तो पुन्हा पट्टी ओढू लागला. "माझ्याजवळ एकच पुरावा होता. तो तू हसण्यावारी घालवलास. आता मी कुणालाही जाऊन सांगितलं की यंत्रानं चहाला नॉर्मल ठरवलं, तर पुढचं वाक्य तोच मला म्हणून दाखवतो."

बाईंनी त्याच्या हाताला हात लावायचा प्रयत्न केला. त्यानं हात झिडकारला नाही, पण खोकं उचललं, म्हणजे हात आपोआपच सुटला.

निघताना तो दारापर्यंत आला. "आईला यातलं काही बोललो नाही. तिच्या मुलानं खोटं लिहून दिलं हे तिला कशाला कळायला हवं? बढतीवर चाललोय म्हणून सांगितलंय." मग तो म्हणाला, "पुढच्या पहिल्या रविवारी तिचं रक्त काढायचंय. माझ्या वर्गमित्राला सांगून ठेवलंय, तो माणूस घरी पाठवेल. तू फक्त आदल्या दिवशी त्याला फोन कर. एवढं विसरू नकोस."

"विसरेन कशी?"

नेमका त्या रविवारच्या आदल्या शनिवारी कार्यक्रमाचा वार्षिक सोहळा होता. बाईंना वर्षाच्या उत्तम विनोदाचं बक्षीस मिळालं. कुठल्या विनोदासाठी ते सांगायला नकोच. बक्षीस द्यायला आलेल्या माणसानं चहाचा कप उंचावला आणि सगळं सभागृह हसलं. बाईंनी हात जोडले, काचेचा तो ठोकळा पिशवीत टाकला आणि डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी येऊन झोपल्या. फोन करायचा राहून गेला. रविवारही गेला. सोमवारी आठवलं, तेव्हा म्हणाल्या, या आठवड्यात करू. मग मंत्रिमंडळ बदललं आणि कार्यक्रमाचे तीन आठवडे गडबडीत गेले. आई मधे एकदा म्हणाली की फार तहान लागते गं हल्ली, आणि अंगठ्याला लागलेलं सुकत नाही. उन्हाळा आहे, पाणी पी, असं बाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

एका मंगळवारी दुपारी त्या घरी आल्या तर स्वयंपाकघरात आई आणि काकू टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर दोन कप, मधे साखरेचा डबा. तो डबा अकरा वर्षं वरच्या फळीवर पाहुण्यांपुरता असायचा. आई आपल्या कपात साखर घालत होती. एक चमचा. मग दुसरा.

"आई, काय करतेस?"

"बस बस," आई खुशीत होती. लहान मुलाला पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक दाखवायचं असावं तसा तिनं एक कागद पुढे सरकवला. "काकूंबरोबर सकाळी जाऊन आले. धाकट्याशिवाय काही माझं अडत नाही म्हटलं. तासभर रांग होती, पण काय टापटीप ठेवलंय. आपला हिरो ज्या बाकावर बसला होता ना, त्याच बाकावर बसले मी. बघ तरी, साखर काय आली."

बाईंनी कागद हातात घेतला. तोच कागद, तीच छपाई. साखर नॉर्मल. मूत्रपिंड नॉर्मल. रुग्णानं सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. अकरा वर्षांत आईची साखर एकदाही इतकी नेमकी आली नव्हती. थोडी वाढलेली असती तर यंत्रानं खरं सांगितलं असतं. आईच्या रक्ताला यंत्रानं नॉर्मल म्हटलं याचा अर्थ जगात फक्त दोन माणसांना नीट कळत होता. त्यातला एक आठ तासांवर चादरी मोजत होता.

"आई, तो कप खाली ठेव," बाई म्हणाल्या. "नीट ऐक. हे यंत्र खोटं बोलतं. साखर फार वाढली की त्याला वाचता येत नाही, मग ते असंच नॉर्मल छापतं. तुझी तहान, तुझा अंगठा, सगळं वाढलेल्या साखरेचंच आहे. आपण आत्ताच्या आत्ता दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ."

"तू पण ना. अगं, त्यानं स्वतः तिथे रक्त दिलं. एवढा मोठा माणूस, त्याला काय आपल्याशी खोटं बोलायचं पडलंय?"

"त्याला माहीत नाही, आई. धाकट्याला माहीत आहे. त्यानं स्वतः करून पाहिलं होतं." आयुष्यात पहिल्यांदा त्या एखादी गोष्ट कुणाला हसू येऊ नये म्हणून सांगत होत्या, आणि ती कशी सांगतात हे त्यांना माहीत नव्हतं. "त्यानं नळीत चहा भरला. सकाळचा उरलेला. त्यावर पेशंट म्हणून नाव लिहिलं आणि यंत्रात लावला."

आईच्या ओठांचा कोपरा हलला.

"आई, हसू नकोस. खरं सांगतेय. चहाची साखर नॉर्मल आली. मूत्रपिंड नॉर्मल आलं. आणि खाली लिहून आलं की रुग्णानं सहा महिन्यांनी"

पुढचं त्यांना म्हणावंच लागलं नाही. "पुन्हा तपासणी करावी," आई आणि काकू एका सुरात म्हणाल्या, आणि आईला हसू आवरेना. खांदे गदगदले, डोळ्यांत पाणी आलं, आणि हसता हसता तिची मान काकूंकडे वळली. काकूंचीही तिच्याकडे वळली. दोन वर्तुळं, बाईंच्या मनात आपोआप नोंद झाली.

"किती गं हुबेहूब सांगतेस," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "त्या गंभीररावापेक्षाही छान." मग तिनं कप उचलला, त्यावर हलकेच फुंकर घातली आणि अकरा वर्षांनी गोड चहाचा पहिला घोट घेतला.